'भिर्रर्र' आणि इतर अभ्यासक्रम

दहावी-बारावीचा निकाल लागला की जुन्नर-आंबेगावात पावसाच्या आधी सल्ले सुरू होतात. लग्नाच्या मांडवात, दशक्रियेच्या घाटावर, डेअरीच्या रांगेत, जिथं चार माणसं जमतील तिथं पोराला मधे उभं करायचं आणि विचारायचं, "मग, पुढं काय?" पोरगं खाली बघतं. उत्तर येत नसतं असं नाही, उत्तर पाठ असतं. मुलगा असेल तर "भरती", मुलगी असेल तर "नर्सिंग", आणि टक्के जरा बरे पडले असतील तर "कॉम्प्युटर". मामा या नात्यानं मीही या बैठकांना हजर असतो. मामाला मत असावंच लागतं, नाहीतर मामा कसला!

आणि माझं मत आहे. पोरांना "काय होणार?" हे विचारणं थोडं थांबवावं आणि त्यांनाच एक प्रश्न शिकवावा : "हे कोण करतं?"

आता खोडदचंच घ्या. नारायणगावपासून जवळच्या या गावात डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. तीस डिशा, एकेकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन दिशांना पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात पांगलेल्या. एकीखाली कांदा, दुसरीच्या बाजूला ऊस. आमची पोरं त्यांच्या देखत मोठी होतात, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन बघायला रांगेत उभी राहतात आणि घरी येऊन निबंधात लिहितात, 'मी शास्त्रज्ञ होणार'. पुढच्या वर्षी निबंधाचा विषय बदलतो, शास्त्रज्ञही बदलतो.

माझ्या भाचीनं मात्र एकदा तिथून परतताना विचारलं, "मामा, त्या डिशची जाळी फाटली तर कोण शिवतं?"

प्रश्न झकास होता. कारण त्या डिशची सगळी करामत जाळीतच आहे. सबंध पत्र्याची केली असती तर वारा अडला असता आणि तो पेलायला पोलादाचा डोंगर लागला असता. म्हणून तारांच्या दोरांवर बारीक जाळी ताणून बसवली, वारा आरपार जातो. म्हणजे तिथं शास्त्रज्ञ हवा तसा फिटर हवा, वेल्डर हवा, मोटारी आणि गिअर सांभाळणारा हवा. आणि सगळ्यात गमतीचं काम वेगळंच. आभाळातून येणारे संदेश इतके क्षीण असतात, की विजेच्या खांबावर कुठं ठिणगी उडत असली तरी दुर्बिणीला खरखर ऐकू येते. मग ती कुठून येते ते हुडकत अँटेना घेऊन फिरणारी माणसं असतात. आमच्या वाडीत लाइटची तक्रार करून वायरमन येत नाही. पण तारेची कुरबूर तारे बघणाऱ्यांना कळते, हे मला भारी वाटतं.

हाच प्रश्न यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीलाही लावता येतो. शर्यतीबद्दल थोरल्यांचं मत असं, की पोरं उनाड होतात ती तिथं. हे मत ते शर्यतीच्या घाटात पहिल्या रांगेत बसून देतात. मी मात्र माइकवाल्याकडं बघत असतो. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हा माणूस उभा. कोणत्या गावचा गाडा, मालक कोण, बैल कोणता, मागच्या यात्रेत बारी किती सेकंदांत बसली, सगळं तोंडपाठ. कागद हातात असतो तो फक्त वारा घ्यायला. घोडी सुटते, गाडा सुटतो, आणि त्याच क्षणी तो 'भिर्रर्र' असं काही म्हणतो की शेजारच्या गावातली म्हातारीसुद्धा उठून बसावी. क्रिकेटच्या समालोचकाला जेवणाची सुट्टी तरी असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, त्या २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत हा गळा गप्प होता. आता सुपारी घेऊन गावोगाव फिरतो. शब्दोच्चार, स्मरणशक्ती, गर्दीची नाडी, हे सारं त्याला कोणत्या कॉलेजात शिकवलं? आणि त्याच घाटात घड्याळ लावणारा आहे, मोबाइलवर शर्यत थेट दाखवणारा आहे, परवानगीचे कागद करून देणारा आहे, बैल तपासणारा डॉक्टर आहे. यात्रा एका दिवसाची, पण तिच्यावर केवढे संसार चालतात!

नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा मंडळांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी ठरवायला येतात. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. कलेबद्दल काय बोलायचं! पण राहुटीत टेबलामागं बसलेला मॅनेजर बघावा. तारखा, ट्रक, जनरेटर, कलाकारांच्या उचली आणि समोरच्या सरपंचाचा रुसवा, हे तो एका वहीत सांभाळतो. त्याला कुणी मॅनेजमेंटचा म्हणत नाही, कारण त्याच्या गळ्यात ओळखपत्र नसतं.

तिकडं भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी बाया औषधी बाळहिरडा वेचतात, वाळवतात, व्यापारी पोती भरून नेतो. पुढं त्याचं काय होतं, हे त्या डोंगरातल्या किती पोरांना कुणी सांगितलंय? त्या 'पुढं'तच कमाईची खरी किल्ली आहे आणि ती दुसऱ्याच्या करगोट्याला आहे.

हे सगळं मी बोलतो तेव्हा ताई एका वाक्यात मला खाली बसवते : "मामा झालास म्हणून काय झालं, शेतकरी नवऱ्याला पोरगी कोण देतं?" हे खरं आहे. 'भरती' हा आमच्याकडं करिअरचा नव्हे, लग्नाचा विषय आहे. आई-बापांना हिणवण्यात अर्थ नाही. टोमॅटोचा क्रेट एके दिवशी सोन्याच्या भावानं जातो आणि महिन्याभरात रस्त्यावर ओततात, हे त्यांनी पाहिलंय. पगार निदान एक तारखेला येतो, मग त्यासाठी मुंबई गाठावी लागली तरी चालते. इथला बिबट्यासुद्धा शेवटी मुंबईच गाठतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला माग कळणारा पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. आजोबा शे-सव्वाशे किलोमीटर चालत थेट बोरिवलीच्या उद्यानात दाखल झाले. भाडं नाही, डिपॉझिट नाही.

तरीही. इथल्या कामांना एके काळी मान होता. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यांत धान्याचे व्यापारी आहेत, बांबूकाम करणारे आहेत, कासार आहेत. त्यांच्या श्रेणी होत्या, लोक त्यांच्याकडं दानाची ठेव ठेवत. बुरुडाच्या संघटनेवर बँकेएवढा भरवसा! आज बुरुडाचं पोरगं कॉलेजात बापाचा धंदा सांगताना आवाज खाली करतं.

शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग १९८३ मध्ये आले. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेची पोरं वेल्डिंग करतात, माती तपासतात, रोपं वाढवतात, रक्तातलं हिमोग्लोबिन बघतात, आणि गावाची कामं करून देऊन चार पैसेही मिळवतात. 'तू काय होणार' हे तिथं आधी विचारत नाहीत. आधी पाना हातात देतात.

भाचीनं यंदा यात्रेत वही नेली होती. कोण काय करतं, ते लिहून आणलं. ताईनं यादी वाचली, चष्मा वर केला.

"यात पगारी कोणतं?"

"हे बघ. घाटात बैल तपासणारे डॉक्टर. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ना, तिथंही असे डॉक्टर असतात. बिबट्याला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, मग तपासायचं."

"आणि तो मधेच जागा झाला तर?"

"होऊ नये म्हणूनच तर शिकायचं. साडेपाच वर्षांचा कोर्स असतो, आई."

"साडेपाच?" ताई म्हणाली, आणि बिबट्याला तिथंच सोडून बोटांवर लेकीचं वय मोजायला लागली.