चहात घालू नये

न्यू जर्सीत बाग करायची तर आधी हरणांशी समझोता करावा लागतो. रामायणात एकट्या हरणाने केवढा अनर्थ घडवला. आमच्या मागच्या अंगणात रोज संध्याकाळी कळप येतो. ट्युलिप ती कळीसकट खातात, होस्टाचे नुसते देठ ठेवतात. आयरिसला मात्र तोंड लावत नाहीत. माझ्या आयरिसप्रेमाचा उगम इतका साधा आहे.

पुढचं सगळं अप्पर माँटक्लेअरमुळे झालं. १९२० साली निघालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापकांत फ्रँक प्रेस्बी होते. त्यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये तिथे आयरिसची बाग झाली. मे संपत आला की टेकडीच्या पायथ्याशी हजारो झाडं फुललेली असतात आणि आमच्यासारखी मंडळी ठेवणीतल्या साड्या नेसवून बायकांचे फोटो काढायला तिथे जातात. फोटो काढून माणसाने घरी यावं. मी पाट्या वाचत बसलो. वाणाचं नाव, तो करणाऱ्याचं नाव, साल. हे कोणीतरी केलंय, म्हणजे आपल्यालाही जमेल, असं ज्या क्षणी वाटतं त्या क्षणी माणूस कामातून जातो.

शिवाय हा प्रांत पहिल्यापासून हौशी लोकांचा. मायकेल फॉस्टर केंब्रिजला शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आयरिसचे संकर करायचे. ज्यांच्या नावाचं पदक मिळालं की या जगात जन्माचं सार्थक होतं, ते विल्यम डाइक्स शाळामास्तर. आर्थर ब्लिस इंजिनियर. त्यांची १९१७ ची ‘डोमिनियन’ आजच्या कित्येक मखमली वाणांची पूर्वज. गुलाबी रंगासाठी वर्षानुवर्षं खपणारे डेव्हिड हॉल इलिनॉयमधले वकील. सेड्रिक मॉरिस तर चित्रकार. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात बेंटन एंड नावाच्या घरी ते राहत, म्हणून त्यांच्या आयरिसच्या नावात आधी ‘बेंटन’ येतं आणि पुढे काहीही. ‘बेंटन मेनेस’मधली मेनेस ही त्यांची मांजर. मास्तर, वकील, इंजिनियर आणि एक कलावंत: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत याहून वेगळं कोण असतं?

कृती म्हणाल तर सोपी आहे. आयरिसच्या तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या आणि खालच्या प्रत्येकीवर दाढी. दाढीच्या वर एक छोटं छप्पर. त्याच्या आडोशाला परागकोश आणि छपराच्या टोकाशी एक बारीक ओठ; पराग लावायचा तो तिथे. सकाळी दव वाळलं की एका फुलातला परागकोश चिमट्याने काढायचा, दुसऱ्याच्या ओठावर घासायचा, मधमाशीला उतरायला जागा नको म्हणून खालच्या पाकळ्या खुडायच्या आणि आईबापांची नावं लिहून चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्या मी खिडकीच्या जुन्या प्लास्टिक ब्लाइंडच्या पट्ट्या कापून करतो. लिहायचं पेन्सिलने; शाई उन्हाने उडते. जुने ब्लाइंड मी टाकून दिले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

“अहो, मीटिंग सुरू झाली, दाढ्या काय कुरवाळताय?” असं बायको दारातून ओरडते तेव्हा शेजारच्या बाई कुत्र्याला घेऊन थबकतात. त्यांना मराठी येत नाही, हे एक बरं आहे.

दोनेक महिन्यांनी बोंड तडकतं. बी दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरायचं आणि डबे हिवाळाभर बाहेर ठेवायचे. या बियांत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती ओलीत, गारठ्यात जिरल्याशिवाय कोंब येत नाही. काही बिया वसंतात उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही कधीच नाही. उगवल्यावर फूल यायला आणखी दोन-तीन वर्षं. ग्रीन कार्डची वाट पाहिलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही.

शास्त्राची बाजू मात्र जरा नाजूक. मला हवी होती पांढऱ्यावर जांभळ्या काठाची आयरिस. हा काठ आनुवंशिकतेत दबून राहणारा. त्यात आजच्या उंच दाढीवाल्या आयरिसमध्ये गुणसूत्रांचे दोन नाही, चार संच: एकूण ४८. काठवालीचा बिनकाठवालीशी संकर केला की पहिल्या पिढीत काठ साफ गायब होऊ शकतो. तो परत आणायचा तर त्या भावंडांचाच आपसात संकर करायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा. हे मी जेवताना सविस्तर सांगितलं. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई ताट घेऊन आत गेल्या.

भावंडं फुलली ती मातकट. पिवळ्यावर जांभळा चढला की डोळ्यांना तपकिरी दिसतो, एवढं त्यामागचं गणित. लाल रंगाचा प्रयत्न मी केलाच नाही, कारण खरी लालभडक आयरिस अजून कोणालाच जमलेली नाही. तसलं रंगद्रव्य तिच्यात तयारच होत नाही. मातकट मात्र कोणालाही जमतो. बायकोने माझ्या पहिल्या रोपाचं नाव ‘चिंचेचा कोळ’ ठेवलं.

आता खरी गोष्ट. संकर करणाऱ्याचं मुख्य काम संकर करणं नाहीच, फेकणं हे आहे. रोपं शेकड्यांनी फुलतात. त्यांतलं एखादंच ठेवायचं, बाकी सगळी उपटून कंपोस्टात. दांडा वाऱ्यात उभा राहतो का, फांद्या किती, कळ्या किती, पाकळीत दम आहे का, हे पाहायचं आणि डोळ्यांत पाणी न आणता फावडं घालायचं. हे त्या शाळामास्तरांना जमलं असेल. माझ्या आईने श्रीखंडाचे डबे, साड्यांची खोकी आणि एका पायाचे मोजे आयुष्यभर “लागेल कधीतरी” म्हणून जपले. आमच्या घरी पिशव्यांची एक पिशवी आहे. २०२२ मध्ये न्यू जर्सीने दुकानांतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली तेव्हा त्या पिशवीकडे पाहून बायकोने जो चेहरा केला, तसा मी तिच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. अशा घरातल्या माणसाने जिवंत, तुकतुकीत, फुटवे आलेली झाडं फेकायची?

तरी एका पावसाळी दिवशी मन घट्ट करून काही गड्डे मागच्या ढिगावर टाकले. आयरिसचा गड्डा असा मरत नाही. पुढच्या मे महिन्यात ढीग फुलला. वाफ्यात होती त्याहून चांगला फुलला, हे जास्त लागलं.

मग गणपती आले. उन्हाळा उतरताना आयरिस उकरून, गड्डे मोडून वेगळे करायचा मोसम असतो आणि त्याच सुमारास मंडळाचा गणपती बसतो. प्रसाद घेऊन निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात मी एकेक पुडी ठेवली. दोघांना देऊन होतात न होतात तोच एक वहिनी म्हणाल्या, “अय्या, घरचं आलं? केवढं जाड!” आणि पर्समध्ये ठेवलं. त्यांचा दोष नाही. गड्डा दिसतो अगदी आल्यासारखाच. पोटात गेला तर मात्र उलट्यांनी हैराण करतो. पार्किंगमध्ये धावत जाऊन मी तो परत मिळवला. त्यानंतर दरवर्षी प्रत्येक पुडीत ब्लाइंडची एक पट्टी घालतो. एका बाजूला रोपाचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला ठळक पेन्सिलीने: ‘चहात घालू नये.’

ही युक्ती फारच लागू पडली. एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, जिथे म्हणून मराठी घर आहे तिथे माझी मातकट भावंडं पोचली. नाव मात्र एकाचंही नोंदवलं नाही. सोसायटीच्या नोंदवहीत नाव एकदा गेलं की ते दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि ‘चिंचेचा कोळ’ कायमचा अडवून ठेवायचा म्हणजे पुढच्या पिढ्यांवर अन्याय. शिवाय बायकोने स्वतःचं नाव देऊ दिलं नाही. “आधी रंग दाखवा,” म्हणाली.

आयरिसचा एक गुण पुडी देताना मी कोणालाच सांगत नाही. ती वाढते. तीन-चार वर्षांत एका गड्ड्याचा पसारा होतो, मधली झाडं फुलेनाशी होतात आणि सगळं उकरून वाटून टाकावं लागतं. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर एक तरुण जोडपं मला शोधत आलं. मुलाच्या हातात भलीमोठी पिशवी.

“काका, तुम्हाला बागेची आवड आहे ना? कोणीतरी सांगितलं. आम्ही घर घेतलं तेव्हा हे तिथेच होतं. आता फार झालंय, आणि फेकवत नाही हो.”

मी पिशवीत डोकावलो. गड्ड्यांच्या वरच पट्टी होती. चार हिवाळे खाऊनही पेन्सिल शाबूत. अक्षर माझं.

“रंग कुठला?” मी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने जरा विचार केला.

“काका,” ती म्हणाली, “पानं फार छान आहेत.”