कोरडवाहू युनायटेड

आमचे दाजी सकाळी उठले की आधी आभाळाकडं बघतात आणि मग मोबाईलकडं. दोन्हीकडून काही चांगलं यायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी बघतात.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या आक्काचे मालक. रेणापूरला अकरा एकर रान. त्यातलं दोन एकर विहिरीखाली, बाकीचं आभाळाच्या भरवशावर. जावई माणूस असल्यानं आमच्या घरात त्यांना कुणी उलटून बोलत नाही. याचा फायदा घेऊन ते गेली पंचवीस वर्षं आम्हाला मँचेस्टर युनायटेडचं सांगत आलेत. २०२३ च्या धोंड्यात जेवायला बोलावलं होतं, तेव्हा आई पानात अनारसे वाढत होती. दाजी घास हातात धरून म्हणाले, "बारा वर्षं होता हो डी गेया. गेला." आईनं ताट खाली ठेवलं, पदर सावरला आणि विचारलं, "कशानं गेले?" गोलकीपर जिवंत आहे, फक्त करार संपलाय, हे तिला पटेपर्यंत अनारसे निवून गेले.

रेणापुरात फुटबॉलचं काय आहे म्हणाल, तर फार काही नाही. कुस्ती आहे, कबड्डी आहे, क्रिकेट तर घराघरात आहे. पोरं मेस्सीच्या नावाच्या जर्स्या घालून पिंपळफाट्यावर चहा पितात, पण त्या बाजारात दीडशेला मिळतात म्हणून. दाजींचं प्रकरण वेगळं आहे. ते जडलेलं दुखणं आहे, आणि त्याची तारीखसुद्धा ठाऊक आहे.

मे १९९९. दाजी लातूरला शिकायला होते. खोलीमालकाकडं केबल होती. युरोपातली फायनल, युनायटेड आणि बायर्न म्युनिक, आपल्याकडं मध्यरात्र उलटलेली. बायर्ननं सुरुवातीलाच एक गोल केला आणि नव्वद मिनिटं तो तसाच राहिला. खोलीमालक जांभई देत म्हणाले, "झालं, आता काय उरलंय," आणि टीव्ही बंद केला. पुढच्या दोन-तीन मिनिटांत शेरिंगहॅमनं एक आणि सोल्शायरनं दुसरा गोल मारून फायनल जिंकली. दाजींना हे पेपरातून कळलं. इतिहास घडत असताना आपण अंधारात सतरंजी झटकत होतो, हा सल त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हापासून शेवटची शिट्टी झाल्याशिवाय दाजी जागचे हलत नाहीत. हरणारा सामना असला तर मुळीच नाही.

वरून दाजी असंही सांगतात की ते सालच तसं होतं. रेणापूर मतदारसंघाचे आमदार गोपीनाथ मुंडे तेव्हा राज्याचे उपमुख्यमंत्री होते आणि युनायटेडनं एकाच हंगामात तीन चषक उचलले. पुढं २००९ ला नव्या रचनेत रेणापूर मतदारसंघच नकाशावरून गेला. २०१३ ला युनायटेडचे व्यवस्थापक फर्ग्युसन गेले. "दोन्हीकडचं मोठं माणूस गेलं की रान उघडं पडतं," असं म्हणून दाजी तंबाखू मळतात. यावर काय बोलणार?

खरं तर दाजींना युनायटेडचा हंगाम जेवढा कळतो तेवढा मँचेस्टरातल्या माणसालाही कळत नसेल, असं माझं मत होत चाललंय. तिकडची माणसं रागावतात, मालकाच्या नावानं फलक धरतात, मोर्चे काढतात. दाजी नुसती मान हलवतात. एक साल सोयाबीनच्या बॅगला दहा कट्टे, दुसऱ्या साली तीन, तिसऱ्या साली बी उगवलंच नाही, असलं ज्यानं जन्मभर बघितलंय, त्याला आज ल्योंला हरवणारा संघ पुढच्या आठवड्यात कुणाकडूनही कसा मार खातो, याचं नवल वाटत नाही. "कोरडवाहू हाय ते," म्हणतात. "बागायती म्हणजे मँचेस्टर सिटी. त्येंच्याकडं बारमाही कॅनॉल हाय."

व्यवस्थापकांची गोष्ट ते अशी लावतात. फर्ग्युसननंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, मध्ये काही महिने राल्फ रांगनिक, मग टेन हाग, मग अमोरिम. दाजींच्या भाषेत ही सगळी दुबार पेरणी. व्हॅन गालनं मे २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्याला घरी पाठवलं. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. दाजींच्या डोक्यात या दोन गोष्टी एकाच कप्प्यात पडल्यात. "पाण्याच्या गाडीचं साल" म्हणायचं आणि लगेच व्हॅन गालची बाजू घ्यायची.

खेळाडूंकडं ते बियाण्याची बॅग बघावी तसे बघतात. २०२२ ला आयाक्सकडून अँटनी आला, ऐंशी दशलक्ष पौंडांच्या वर. दाजींनी तेव्हाच सांगितलं, "पिशवीवरचं चित्र बघून घेतलंय." पुढं तोच अँटनी बेटिसकडं गेला आणि तिकडं फुलला. स्कॉट मॅकटॉमिने नापोलीत गेला आणि पहिल्याच वर्षी इटलीची लीग जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे दाजींना फार लागलंय. आपल्या वावरात बोटभर न वाढलेलं बी धुऱ्यापलीकडं कमरेएवढं व्हावं, यासारखं दुःख शेतकऱ्याला नाही. आणि कंपनीला विचारायला जावं तर ती म्हणते, तुमची जमीनच तशी आहे.

दाजींची एक सवय कळायला मला बरीच वर्षं लागली. युनायटेड हरलं की ते खुशीत असतात. फोन करतात, आक्काला भज्यांची फर्माईश करतात, पुढच्या आठवड्याचं सांगतात. जिंकलं की तोंड पाडून बसतात. "काय खरं नाही," म्हणतात. सुरुवातीला वाटायचं, माणूस उलट्या खोपडीचा आहे. मग एकदा त्यांना आडतीवर बघितलं. कुणीतरी विचारलं, "माल कसाय यंदा?" सोयाबीन चांगलं आलं होतं. दाजींनी असा चेहरा केला, जशी घरात कुणाची तरी तब्येत बरी नाही. "हाय आपलं बरं." चांगलं पीक चांगलं म्हटलं की त्याला नजर लागते. भाव पडतो, गारा पडतात, नाहीतर उधारीवाला दारात उभा राहतो. मग चार-शून्यानं जिंकलेल्या संघाला चांगलं कोण म्हणेल?

घरात मात्र त्यांचं फारसं चालत नाही. भाचा लातूरला नीटच्या क्लासला आहे आणि सिटीचा आहे. हालांडचा फोटो त्यानं अभ्यासाच्या टेबलावर लावलाय, जिथं आक्काला रेणुकादेवीचा हवा होता. २०२४-२५ चा हंगाम संपला, तेव्हा युनायटेड वीस संघांत पंधरावं होतं. अठरा सामने हरलेले, गुण बेचाळीस. भाच्यानं हिशोब मांडला, "पप्पा, ११४ पैकी ४२." दाजी क्षणभर थांबले, मनात भागाकार केला आणि म्हणाले, "छत्तीस टक्क्याच्या वर हाय. पास हाय."

"क्लब बदला की आता."

"दहावीच्या चाचणीत तुला गणितात अकरा पडले होते. मी पोरगं बदललं का?"

महाराष्ट्रातला एखादा क्लब धरा, असं मीही सुचवून बघितलं. मुंबई सिटीनं आयएसएल दोनदा जिंकलंय, मराठी माणसाला अभिमान वाटावा असं काही आहे. दाजींनी माझ्याकडं कीव आल्यागत बघितलं. मुंबई सिटीत २०१९ ला मोठा हिस्सा कुणी घेतला? मँचेस्टर सिटीच्याच मालकांनी. "म्हणजे भाऊबंदानं इथं बी येऊन धुरा रेटलाय," दाजी म्हणाले. विषय संपला.

कोल्हापूरनं मात्र त्यांना हलवलं. अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते, आक्काला ओटीच्या रांगेत उभं करून स्वतः शाहू स्टेडियमवर. पाटाकडील तालमीचा सामना होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाकडचं?" दाजी म्हणाले, मँचेस्टर युनायटेड. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "ते रात्रीचं. दिवसा कुणाकडचं?" मग तासभर तो म्हातारा एका फॉरवर्डला नावानं शिव्या घालत होता आणि शेवटी कळलं की ते त्याच्याच गल्लीतलं पोरगं. सामना संपल्यावर त्यानं कठड्यापाशी जाऊन पोराला सुनावलं, "तुझ्या बाला सांगतो थांब." दाजी परत आले ते चार दिवस गप्प. त्यांनी युनायटेडच्या कासेमिरोच्या बाला कसं सांगावं? त्यांचं सगळं ऐकून घ्यायला सालगडी आहे आणि गोठ्यातली म्हैस आहे. सालगडी निदान हुं म्हणतो.

एप्रिल २०२५ ची ती रात्र मी दाजी आणि सालगडी, दोघांकडूनही ऐकलीय. थ्री फेज लाईट रात्रीची होती, उसाला पाणी चाललं होतं. दाजी आखाड्यावर बाजेवर, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. युनायटेड आणि ल्यों, युरोपा लीग. दोन-शून्यानं पुढं असलेलं युनायटेड बरोबरीत आलं, जादा वेळेत दोन गोलांनी मागं पडलं. सालगडी म्हणाला, "मालक, झोपा आता." दाजींना खोलीमालक आठवला. ते हलले नाहीत. मग ब्रुनोची पेनल्टी, मग मेनूचा गोल, आणि १२१ व्या मिनिटाला मॅग्वायरचं डोकं. सात मिनिटांत तीन. पहाटे तीनच्या सुमाराला दाजी बाजेवरून जे ओरडले, त्यानं वस्तीवरची कुत्री उठली. सालगडी बॅटरी आणि कुऱ्हाड घेऊन धावत आला. "काय झालं मालक, पान लागलं का?" पलीकडच्या रानातून कुणी तरी विचारलं, "डीपी जळाली का?" या गडबडीत दंड फुटला आणि पाणी चुलतभावाच्या रानात गेलं. त्यावरून पुढं महिनाभर बोलणं बंद होतं.

सकाळी दाजी सुतकात बसल्यासारखे. "एवढं जिंकायला नगं होतं," म्हणाले. "आता फायनलला मरतेत." मेमध्ये बिल्बाओला फायनल झाली. समोर टॉटनहॅम, लीगमध्ये सतरावं. एक-शून्यानं हरले. तेव्हाचा सोळावा आणि सतरावा भांडले आणि सोळाव्यानं चषक घालवला. त्या दिवशी आक्काच्या घरी भजी झाली.

अमोरिमच्या खेळाबद्दल त्यांचा एकच आक्षेप होता. तो मागं तीनच माणसं ठेवायचा. "तीन माणसांत धुरा राखता येतो का? एक जेवायला गेला की दोनच राहिले." यावर मी नाना आकृत्या काढून दाखवल्या, पण दाजींनी आयुष्यात इतकी राखण केलीय की माझ्या आकृत्यांना त्यांच्यापुढं काही अर्थ नव्हता.

मग २०२५ च्या ऑगस्टची गणेश चतुर्थी. संध्याकाळी आरती, मोदक, आणि मध्यरात्रीनंतर ग्रिम्सबीशी सामना. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या पातळीवरचा क्लब, आपल्या तालुका संघासारखा. तिकडंही पाऊस पडत होता. दोन-शून्यानं मागं पडलेलं युनायटेड शेवटच्या क्षणी बरोबरीत आलं, पुन्हा मॅग्वायरच्या डोक्यानं. अमोरिम बाकावर बसून चुंबकाच्या सोंगट्या फळीवर सरकवत होता. दाजी म्हणाले, "हा सारीपाट मांडून बसलाय आन् पोरं पावसात." पेनल्ट्या सुरू झाल्या त्या संपेनात. दोन्ही बाजूंच्या तेरा तेरा, एकूण सव्वीस. शेवटची युनायटेडच्या मब्युमोची, आडव्या दांडीवर. बारा-अकरा. दाजींनी मखरातल्या गणपतीकडं बघून हात जोडले आणि मला पहाटे मेसेज पाठवला: "यंदा हंगाम चांगला जाणार."

महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी रेणापूरला गेलो. सोळा भाज्यांचं ताट होतं, आक्का खुशीत, दाजी नेहमीचे गंभीर, कारण दोनच दिवसांपूर्वी युनायटेडनं बर्नलीला अगदी शेवटच्या पेनल्टीवर हरवलं होतं. जेवण झाल्यावर रानात गेलो. सोयाबीन मांडीएवढं, शेंगांनी लगडलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, बॅगला दहा कट्टे कुठं गेले नाहीत."

"हळू बोला, पाव्हणं," ते म्हणाले आणि आभाळाकडं बघितलं. मग वाकून एक शेंग तोडली, नखानं उकलली. तळहातावर तीन हिरवे दाणे. बराच वेळ ते बघत राहिले.

"ह्ये बी तीनच ठेवायलंय मागं."

पुढं सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो सगळ्यांनी पाहिलाय. महिनाअखेरीस फोन केला.

"रान कसंय दाजी?"

"गुडघाभर पाण्यात. शेंगांना कोंब आलेत. तलाठी येणार हाय पंचनाम्याला." मग थोडं थांबून, "काल ब्रेंटफर्डनं तीन मारले. त्येचा पंचनामा कोण करावा?"

मला काय बोलावं कळेना. फोनमध्ये पलीकडं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

"शनिवारी संडरलंड हाय," दाजी म्हणाले. आवाजात थोडी तरतरी आली होती. "आपल्याच रानात."