आमचा बँड, फक्त आमचा

अंडरग्राउंड बँडच्या चाहत्याचं देवाकडे एकच मागणं असतं: माझ्या बँडचं भलं कर, पण कुणाला कळू देऊ नकोस. समोरच्यानं आपणहून ‘स्क्राइब’चं नाव काढलं की माझा चेहरा पडतो. ‘अरे वा! कधीपासून ऐकतोस?’ मी चौकशी लावतो. तो २०१०च्या ‘मार्क ऑफ तेजा’ अल्बमवर थांबला तर जीव भांड्यात पडतो, त्याआधीचा ‘कन्फेक्ट’ अजून माझाच असतो. तोही त्यानं ऐकलेला निघाला, तर मी हवापाण्यावर बोलायला लागतो.

घरच्यांचा प्रश्न वेगळा. ‘तो भयानक मौतला गेलाय,’ असं आईनं फोनवर सांगितलं, तर पलीकडून मावशीनं कुजबुजत विचारलं, ‘कुणाच्या गं?’ २००३ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘भयानक मौत’ या बँडमध्ये तेव्हा ओरडायला दोघं होते, हे कळल्यावर आई म्हणाली, ‘बरोबर आहे, एकाचा घसा बसला तर?’ आणि दोघांसाठी ज्येष्ठमध सुचवलं. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’बद्दल मात्र तिचं मत चांगलं आहे. या बँडचा म्होरक्या साहिल मखीजा स्टेजवर ‘डेमनस्टीलर’ असतो आणि यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ चालवतो. सैतान असेना का, स्वयंपाक तर करतो!

आता लोगो. इथे मला कुणी अडवू नये. एक्स्ट्रीम मेटल बँडचं नाव वाचता आलं तर समजावं, बँड अजून कच्चा आहे. अस्सल लोगोत अक्षरं करवंदाच्या जाळीत शिरलेली असतात. बाहेर फक्त काटे दिसतात. बेल्जियमचे क्रिस्टोफ श्पाइडेल हे या कलेतले महामहोपाध्याय. नॉर्वेच्या ‘एम्परर’चा लोगो त्यांचाच. पण तो वाचता येतो, म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी देत नाही. माझ्या एका काळ्या टी-शर्टावरचं नाव मलाही लागत नाही. लोकलमध्ये एका मुलानं विचारलं, ‘कुठला बँड?’ मी नुसतं मंद हसलो. त्यानं आदरानं सरकून चौथी सीट दिली. टी-शर्ट फॅशन स्ट्रीटचा होता, हे त्याला कशाला सांगू? तेव्हापासून तो टी-शर्ट मी उलटा करून, सावलीत वाळत घालतो. लग्नातल्या सुटाचे एवढे लाड झाले नाहीत.

पण एका गोष्टीवर हसू येत नाही. धोबी तलावचं रंगभवन. १९७८ साली तिथे जॅझ यात्रा झाली. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तिथेच गाजला. शेजारी कॉलेज, इस्पितळं. परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि खुल्या आकाशाखालचं ते स्टेज मुकं झालं. रुग्णांना त्रास नको, हे मान्यच. पण मग तिथे वाजवणाऱ्या पोरांना दुसरी जागा कुणी दिली? दिवसा नोकरी, रात्री सराव, पदरमोड करून रेकॉर्डिंग, आणि वाजवायचं कुठे, तर पाठ फिरवून बसलेल्या गिऱ्हाइकांच्या चिकन लॉलीपॉपसमोर. माझ्या खिडकीखालून दर वर्षी छाती हादरवणारा डीजे जातो, त्याला जागेची अडचण कधीच येत नाही.

आता भाचीनं बँड काढलाय. सराव मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये. पोरगी घरात ‘आई, चहा’ एवढंसुद्धा हळू बोलते. तिथे माइक तोंडाशी धरून अशी काही गुरगुरली की मी दोन पावलं मागे सरलो. गाणं संपल्यावर माइकची वायर बोटांना गुंडाळत म्हणाली, ‘मामा, अजून कुणाला सांगू नकोस हं. नीट बसलं नाहीये.’

मी सांगितलं. वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, ऑफिसातल्या सगळ्यांना, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना. आयुष्यभर बँड लपवत आलेला माणूस मी, पण हिच्यासाठी सोसायटीच्या फलकावर सूचना लावायला निघालो होतो, सेक्रेटरींनी अडवलं. तिच्या गॅरेजबाहेर ऐकणाऱ्यांची गर्दी झाली, तर मी खुर्च्या लावायला जाईन. फक्त तो लोगो तिनं बदलावा. दहा फुटांवरूनही स्वच्छ वाचता येतो.