दोन बोटं माया

ब्लाउज अंगात जात नाही हे कळायला बाईला आरसा लागत नाही. उजवा हात बाहीत शिरतो, डावा मुंढ्यापाशी अडतो, आणि पुढची हुकं आणि आळ्या एकमेकांकडे अशी बघत राहतात, जशी ठरलेलं लग्न मोडलेल्या दोन घरांतली माणसं बाजारात समोरासमोर यावीत. माझ्या बाबतीत या दोन घरांत चार बोटांचं अंतर पडलं होतं. आणि नणंदेच्या मुलीचं लग्न एकवीस दिवसांवर आलं होतं.

ब्लाउज माझ्या लग्नातल्या पैठणीवरचा. साल 2009. पैठणीबद्दल माझी तक्रार नाही. साडीइतकी सभ्य वस्तू कपाटात दुसरी नाही. सहा वार कापड, ना मीडियम ना लार्ज. लग्नात मी बावन्न किलोची होते तेव्हा सात निऱ्या पडायच्या, आता पाच पडतात. उरलेल्या दोन कुठे गेल्या, हे साडीनं आजवर कोणाला सांगितलं नाही. चहाड्या करतो तो ब्लाउज.

आता नवा ब्लाउज शिवून घेणं हा सरळ उपाय होता. पण सरळ उपाय सुचला असता तर मी हा लेख लिहायला कशाला बसले असते? मी ठरवलं, की ब्लाउज बदलायचा नाही, आपण बदलायचं. एकवीस दिवसांत.

पहिलं काम वजन करण्याचं. घरातला काटा मुलांनी दप्तरं मोजून मोडून ठेवलाय. म्हणून स्टेशनवरच्या त्या रंगीत दिवे फिरणाऱ्या जुन्या यंत्रावर चढले. नाणं टाकलं, चक्र गरगरलं, तिकीट पडलं. एका बाजूला एकाहत्तर, दुसऱ्या बाजूला भविष्य: लवकरच आपला मान वाढेल. मान सोडून बाकी सगळं वाढलेलं होतं. मागे उभे असलेले एक आजोबा तिकिटाकडे बघून म्हणाले, "काळजी करू नका, ही यंत्रं जुनी आहेत." त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे.

ऑफिसात फोनवर बीएमआय काढला. उंची पाच फूट एक इंच, उत्तर साडेएकोणतीस. भारतीयांसाठी डॉक्टर तेवीसच्या पुढे वजन जास्त धरतात आणि पंचविसाच्या पुढे लठ्ठपणा. मग हा आकडा काढला कोणी म्हणून शोधलं, तर क्वेतले नावाचा बेल्जियमचा माणूस निघाला. साधारण 1832 साली त्यानं हे सूत्र मांडलं, आणि तो डॉक्टर नव्हताच, होता खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती! त्याला हजारो माणसांची सरासरी काढायची होती, एकेकट्या माणसाला नावं ठेवायची नव्हती. ग्रहगोल बघणाऱ्या माणसाच्या सूत्रात माझ्यासारखी गोलाकार वस्तू सापडणारच, असं म्हणून मी समोसा संपवला. समोसा शेजारच्या टेबलावरच्या वाढदिवसाचा होता, म्हणजे तो धरायचा नसतो.

आता प्रश्न वेळेचा. रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं, की प्रत्येक आईनं रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढावा. कुठून काढावा ते पुरवणीत नव्हतं. ते मला सरकारी आकड्यांत सापडलं. लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात, हे केंद्र सरकार सर्वेक्षण करून मोजतं. 2019 साली मोजलं तेव्हा घरातल्या बिनपगारी कामात ते करणाऱ्या बायकांची रोज सरासरी 299 मिनिटं जात होती आणि ते करणाऱ्या पुरुषांची 97. 2024 साली पुन्हा मोजलं, तर बायका 289 वर आल्या होत्या. म्हणजे पाच वर्षांत आमची रोजची दहा मिनिटं सुटली! पुरुष 88 वर उतरले, म्हणजे त्यांचीही नऊ सुटली. त्यांच्या नऊ मिनिटांचं काय झालं ते आमच्या सोफ्याला विचारा. माझी दहा मिनिटं मात्र रीतसर माझ्या नावावर होती आणि ती मी माझ्यावरच खर्च करायचं ठरवलं.

पहिला आठवडा आहाराचा. आमच्या घरात याबाबत दोन पक्ष आहेत. सासूबाई डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या: दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा. नणंद ऋजुता दिवेकरांची: थोडं थोडं, वेळेवर, तुपाला न घाबरता खा. दोघांचंही आपापल्या जागी चोख. घरात भांडण नको म्हणून मी दोन्ही पाळलं. दोन वेळा पोटभर जेवले आणि मध्ये दर दोन तासांनी थोडं थोडं. शिवाय आईचा म्हणून एक तिसरा आहार असतो, तो कुठल्याच पुस्तकात नाही. कन्येच्या डब्यातली परत आलेली अर्धी पोळी, चिरंजीवांनी सोडलेल्या टोस्टच्या कडा, पातेल्यात उरलेला आणि 'एवढ्याशासाठी कशाला फ्रिजमध्ये ठेवायचा' असा वरणभात. घरातला शेवटचा डबा मीच. फक्त मला झाकण नाही.

आठवड्यानं पुन्हा यंत्रावर चढले. बहात्तर. भविष्य: प्रयत्नांना यश येईल.

दुसऱ्या आठवड्यात वजनाचा नाद तात्पुरता बाजूला ठेवून कांतीकडे वळले. रविवारी दुपारी बाथरूमची कडी लावून तोंडाला मुलतानी माती थापली. माती वाळायला पंधरा मिनिटं लागतात आणि सरकारनं दिली आहेत दहा, म्हणजे सुरुवातच उधारीनं झाली. दुसऱ्या मिनिटाला कन्या दारात: "आई, माझी भूमितीची पेटी कुठंय?" चौथ्या मिनिटाला चिरंजीव: "आई, आत काय करतेस?" सहाव्या मिनिटाला नवरा, अगदी समजूतदार आवाजात: "तुझं चालू दे निवांत. फक्त वरण उतू जातंय तर ते तसंच जाऊ द्यायचं का, एवढंच सांग." आठव्या मिनिटाला बेल वाजली. गॅस सिलिंडर. फोनवर आलेला नंबर सांगितल्याशिवाय सिलिंडर मिळत नाही, आणि माझा फोन माझ्याबरोबर बाथरूममध्ये होता.

तशीच बाहेर आले. सिलिंडरवाल्या दादांनी मला पाहिलं आणि खांद्यावरचं सिलिंडर उतरवायचं विसरून तसेच उभे राहिले. माती वाळत आली होती, ओठ हलवले तर तडे जाणार. म्हणून मी नंबर बोटांनी दाखवायला लागले. तीन बोटं. सात बोटं. शून्याला मूठ. दादांनी नंबर लिहून घेतला, सिलिंडर ठेवलं आणि जाताना नवऱ्याला हळूच विचारलं, "केव्हापासून बोलत नाहीत?" नवऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जी आशा चमकून गेली, ती मी विसरलेले नाही.

तिसरा आठवडा. लग्नाला चार दिवस उरले आणि हुकांचं अंतर चार बोटांचं साडेचार झालं. तेव्हा मी फोनवरून शेपवेअर मागवलं. नावावर जाऊ नका, आकार देणारं म्हणतात त्याला, पण हाताला लागतं सायकलच्या ट्यूबसारखं. जाहिरातीत एक सडपातळ मुलगी ते घालून हसत होती. तिला ते कशाला लागत होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माप मी मीडियम मागवलं. आपलं खरं माप मागवलं, तर मग पैसे कशाला खर्चायचे?

लग्नाच्या आदल्या रात्री दार लोटून ते डोक्यातून घातलं. डोकं आलं, हात वर गेले, खांद्यांपर्यंत उतरलं आणि तिथेच त्यानं बस्तान मांडलं. खाली येईना, वर जाईना. दोन्ही हात कानांना चिकटून आकाशाकडे, श्वास अर्धा, आणि समोर आरशात ध्रुवबाळाची मूर्ती. नवरा हॉलवर खुर्च्या मोजायला गेलेला. मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले. ही माझी त्या दिवसाची स्वतःसाठीची पाच मिनिटं, हेही लक्षात आलं.

चिरंजीवांनी दार ढकललं. "आई, काय करतेस?"

"योगा," मी म्हणाले.

तो धावत बाहेर गेला आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आजी, आई योगात अडकलीये!"

सासूबाई आल्या. दार आतून लावलं. मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी म्हटलं, "आई, कात्री आणा, कापून टाका."

"केवढ्याचं आहे?"

"बाराशे नव्वद."

"मग कापायचं नाही," त्या म्हणाल्या आणि पावडरचा डबा घेऊन आल्या. हातात अडकलेली बांगडी उतरवतात त्याच पद्धतीनं, पावडर टाकत, पिळत, "श्वास सोड, अजून सोड" असं दटावत त्यांनी दहा मिनिटांत मला बाहेर काढलं. शेवटच्या हिसक्याला आम्ही दोघी पलंगावर पडलो आणि खोलीभर पावडरीचं धुकं पसरलं.

धुकं ओसरल्यावर त्यांची नजर खुर्चीवरच्या ब्लाउजकडे गेली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी ब्लाउज उचलला, उलटा केला, बगलेखालची शिवण चिमटीत धरून दिव्यासमोर नेली आणि म्हणाल्या, "अगं, माया आहे की आत. चांगली दोन-दोन बोटं."

सोळा वर्षं तो ब्लाउज माझ्या कपाटात होता आणि मी तो एकदाही उलटा करून पाहिला नव्हता.

"शिंप्यानं ठेवलीये," सासूबाई म्हणाल्या. "त्याला ठाऊक असतं." म्हणजे 2009 साली माझ्या बावन्न किलोंचं माप घेताना त्या माणसानं टेपकडे बघत नुसती मान डोलावली होती आणि ते बावन्न किलो टिकणार नाहीत, हे मनात धरून कापड आत दुमडून ठेवलं होतं. माझ्यावर तेव्हा इतका अविश्वास दाखवणारा आणि इतकी काळजी घेणारा तो एकटाच.

आम्ही दोघी उसवायला बसलो. त्या ब्लेडनं टाके कापत होत्या, मी दोरे वेचत होते. आतलं कापड सुटलं तसा त्याचा रंग दिसला. बाहेरचं जांभळं विटकं झालेलं, आणि आतली पट्टी नव्यासारखी झळझळीत. जुन्या शिवणीच्या जागी बारीक भोकांची रेघ राहिली. रेशमावरची ती रेघ जात नाही, सासूबाई म्हणाल्या. माझ्या पोटावरही अशा रेघा आहेत, दोन बाळंतपणांच्या. तिथलीही माया अशीच उसवली होती, पण ती कोणी दिव्यासमोर धरून पाहिली नव्हती. मी तर नाहीच.

दोन्हीकडून सोडल्यावर हुकं लागली. शेवटचं लागताना थोडं कुरकुरलं, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी लग्नात नवऱ्याचा कोट पाहिला. त्याचंही एक बटण लागत नव्हतं. त्यानं काय केलं? कोट उघडा ठेवला. दिवसभर तसाच खिशात हात घालून हिंडला आणि तीन जणींनी मला सांगितलं, की भाऊजी आज अगदी रुबाबदार दिसतायत. एकवीस दिवस, मुलतानी माती, बाराशे नव्वद रुपये, यातलं काहीही न करता.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. हॉलचा जिना चढताना मला दम लागला. मी म्हटलं, वजन. सासूबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "पांढरी आहे. रक्त तपास." सोमवारी तपासलं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार, बायकांना बाराच्या वर हवं असतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्या गर्दीत मीही होते. एकवीस दिवस मी माझ्यात जास्त काय आहे तेच मोजत बसले होते. आता लोहाची गोळी घेते, डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे चहाच्या वेळेपासून लांब, लिंबाच्या सरबताबरोबर. स्टेशनवरून येताना रिक्षा सोडून चालते, बरोबर दहा मिनिटं. यंत्रावर चढत नाही. शेपवेअर विकायला काढलं आहे, पावडरीच्या वासासह.

परवा गल्लीतल्या शिंपीकाकांकडे नवा ब्लाउज टाकला. माप घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "ताई, माया किती ठेवू? हल्ली पोरी नको म्हणतात, फिटिंग जाड दिसतं म्हणून."

"दोन बोटं ठेवा," मी म्हटलं. "दोन्हीकडून."

तुमच्याही कपाटात असा एखादा ब्लाउज असेल. आरशासमोर जाण्याआधी तो उलटा करून बघा. आत कापड असेल तर उसवा. नसेल तर नवा शिवायला टाका. जिमच्या महिन्याच्या फीपेक्षा शिलाई स्वस्त पडते, मी दोन्हीकडे चौकशी केली आहे.