सदरचा नाखवा

देशाचा मध्य म्हणून मिरवणारा झिरो माईलचा खांब आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोघांनीही ज्यांच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलंय, अशा लोकांची वस्ती म्हणजे नागपुरातलं आमचं सदर. इथे तलाव नाही, नदी नाही. रेसिडेन्सी रोडवर पावसाळ्यात साचतं तेवढंच आमच्या हक्काचं पाणी, आणि त्यात मासे नसतात. मासे मंगळवारी बाजारात असतात. तिथे ते साफ करून, तुकडे करून, पिशवीत घालून मिळतात. ही शेवटची माहिती आमच्या घरात मला वारंवार पुरवली जाते.

तरीही आमच्या हॉलमध्ये 11 फूट लांब, 34 इंच रुंद आणि 6 इंच जाड अशी एक निळी फळी आहे. स्टँड-अप पॅडल बोर्ड. तिच्यावर उभं राहायचं, आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब वल्हं हातात धरायचं आणि पाण्यावरून निघायचं. फळी मुळात मेव्हण्याची. गोव्याहून परतल्यावर त्याच्या अंगात समुद्र संचारला होता, त्या भरात त्याने ती घेतली. मग त्याची पुण्याला बदली झाली आणि फळी आमच्याकडे आली. सख्ख्या भावाची वस्तू असल्यामुळे बायकोला तिच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही. संसारात अशी संधी क्वचित येते.

नुसतं वल्हवत फिरणं मात्र मला पटेना. नागपूरचा माणूस कामाशिवाय उन्हात जात नाही. तेव्हा तिच्यावरून मासे धरायचं ठरलं, आणि मासे धरायचे म्हणजे फळीवर सामान बसवणं आलं.

ही उभ्याने वल्हवायची तऱ्हा हवाई बेटांतली. वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवणारी मंडळी 1960 च्या आसपास फळीवर उभी राहून वल्हं मारत, म्हणजे गळ्यातल्या कॅमेऱ्याने गिऱ्हाइकाचा फोटो काढता येई. पेरूमधल्या वांचाकोचे कोळी तर कितीतरी शतकं तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून, त्यावर बसून समुद्रात मासे धरत आलेत. आणि आपले वैनगंगेकाठचे धीवर लाकूड कोरून केलेल्या डोंग्यातून जाळं टाकतात. त्यांच्या डोंग्याला कुणी इंग्रजी नाव ठेवलं नाही, म्हणून तो कुरिअरने येत नाही, इतकंच.

आमची फळी हवेची. वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धागे एकमेकांशी बांधून ठेवतात, त्यामुळे कितीही हवा भरली तरी ती फुगून गोल होत नाही, सपाट आणि टणक राहते. याच युक्तीवर अमेरिकेत गुडइयर कंपनीने 1956 मध्ये चक्क हवेने फुगवायचं विमान बनवलं होतं, आणि ते उडालंही. मग आपली फळी तरंगायला काय हरकत आहे, असं म्हणून मी पंप हाती घेतला. पहिले 10 पीएसआय माणूस भरतो. पुढचे 5 पंप त्याच्या अंगातून काढून घेतो.

कंबर धरल्यावर मी फळीची गुंडाळी खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो.

"काकाजी, गादी हाय का हे?"

"बोर्ड आहे. पाण्यावर जायचा."

"किती हवा?"

"पंधरा."

"पंधरा? माह्या स्कूटीले बावीस लागते न. हे तं पोट्ट्याचा खेळ हाय," असं म्हणत त्याने नळी पुढे केली. नळी बसेना. फळीचा वॉल्व्ह गाडीच्या वॉल्व्हपेक्षा कितीतरी मोठा. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा, प्लास्टिकची बाटली आणि थोडी सद्‌भावना वापरून त्याने एक जोड तयार केला. कॉम्प्रेसर सुरू झाला. दाब कमी लागत असला तरी पोट सव्वातीनशे लिटरचं आहे, हे त्याला मागे सहा गाड्यांची रांग लागल्यावर कळलं. रांगेतल्या प्रत्येकाने एक एक सल्ला दिला आणि हवेचे पैसे कुणालाच किती लावायचे ते समजेना.

आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले काका राहतात. इंजिनियरिंग विभागात होते. गेली काही वर्षं त्यांच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भरलेली फळी डोक्यावर घेऊन फाटकातून आत शिरलो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती त्यांच्या मुलीच्या लग्नातही मी पाहिली नव्हती.

"गच्चीवर ठेवशील का?" त्यांनी विचारलं.

"हो, तिथेच काम करू."

"मे महिना आहे बाप्पा!" मग त्यांनी तिथेच भिंतीवर पेन्सिलीने गणित मांडलं. सकाळी 25 अंशांत 15 भरली, दुपारी गच्चीवर फळीचं अंग 65 अंशांवर गेलं, तर आतला दाब 19 च्या घरात जातो. काकांनी 19 या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. त्या अजून जिन्यात आहेत. तर म्हणून फळी हॉलमध्ये. सोफा भिंतीला टेकवून उभा केला. जेवायचं टेबल बाल्कनीत गेलं आणि आम्ही काही दिवस जमिनीवर जेवलो. बायको म्हणाली, चला, तेवढीच मांडी घालायची सवय.

आता सामान. पहिली गोष्ट म्हणजे कड्या. इंग्रजी डी अक्षरासारख्या आकाराची स्टीलची कडी, तिच्याभोवती पीव्हीसीच्या कापडाची गोल चकती. चकती फळीला चिकटवायची, मग त्या कडीला जगातलं काहीही बांधता येतं. फळीला भोक पाडायची सोय नाही, त्यामुळे सगळी भिस्त गोंदावर. जागा आधी पुसून कोरडी करायची, दोन्ही बाजूंना गोंद लावायचा, थोडा सुकू द्यायचा, दाबायचा, आणि दिवसभर हात लावायचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात यातला 'थोडा सुकू द्यायचा' हा टप्पाच नसतो. गोंद ब्रशवरून फळीपर्यंत पोचेतो सुकतो. म्हणून आम्ही पहाटे चिकटवाचिकटवी केली. शेजारच्या फ्लॅटमधून, घरात काही रासायनिक घडतंय का, अशी चौकशी झाली.

दुसरी गोष्ट क्रेट. फळीवरून मासे धरणारे जगभर मागच्या बाजूला प्लास्टिकचा क्रेट बांधतात. त्यात गळ, दोऱ्याची रिळं, पक्कड, पाण्याची बाटली, डबा. बाहेरून पाईपचे तुकडे जोडायचे, त्यात गऱ्या उभ्या राहतात. मी कॉटन मार्केटातून भाजीचा क्रेट आणला. पाईप सदरच्याच हार्डवेअरमधून, दीड इंची. दुकानदाराने विचारलं, "नळफिटिंग हाय का?" मी म्हटलं, "नाही, गरी ठेवायला." त्याने पाईप कापता कापता थांबून माझ्याकडे पाहिलं आणि शंभराची नोट उजेडात धरून तपासली.

क्रेटला दोन पाईप पुरतात. काकांनी सहा बसवले. का, विचारल्यावर म्हणाले, "समिट्री." मग त्यांना एक भन्नाट यंत्र सुचलं, आणि ते खरोखर उपयोगाचं निघालं, हे मान्य करायला हवं. नांगर फळीच्या मध्यावर, बाजूने टाकला तर वारा फळीला आडवी धरतो आणि कलंडवतो. नांगराची दोरी नेहमी टोकाकडून सुटायला हवी. पण उभा असलेला माणूस टोकाशी जाणार कसा? तर फळीच्या एका काठाला पुढे-मागे दोन छोट्या कप्प्या, त्यांच्यातून फिरणारी दोरी, दोरीत एक कडी. नांगर कडीत अडकवायचा आणि जागेवरूनच दोरी ओढून तो टोकाकडे पाठवायचा. काकांनी त्या कप्प्यांना तेल घातलं, चार वेळा ओढून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "सिग्नल डाउन." नांगर म्हणून किराणा दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन, वजनमापाच्या शिक्क्यासकट.

या सगळ्यात एक प्रश्न राहून गेला होता आणि तो मुलाने विचारला. "बाबा, गरी धरायला एक हात, रीळ फिरवायला दुसरा. मग वल्हं कोण धरणार?"

फळीवरच्या मासेमारीचं सगळं शास्त्र या प्रश्नाभोवती फिरतं. वल्हं खाली ठेवलं तर घसरून पाण्यात जातं, उभं ठेवायला जागा नाही, पायात धरलं तर माणूस पाण्यात जातो. शेवटी काठाला वेल्क्रोचा पट्टा लावला. त्यात वल्हं अडकतं. निघायला मात्र वल्ह्याला तुमची परवानगी लागते आणि तुम्हाला तिसरा हात.

काका सगळं न्याहाळून म्हणाले, "याच्यावर तू उभा राहाशील का सामान?" मग त्यांनी कंपनीने छापलेली मर्यादा वाचली. 150 किलो. मी 84. उरलं भरपूर. पण वजन कुठे ठेवायचं हेही महत्त्वाचं. फळीच्या मधोमध उचलायची मूठ असते, तिच्या दोन बाजूंना पाय ठेवले तर फळी सपाट चालते. मागचा क्रेट जड झाला की नाक वर येतं आणि थोडा वारा सुटला तरी ते नाक आपल्याला हवं तिथे नाही, त्याला हवं तिथे जातं. म्हणून काकांनी पुढच्या टोकाला बर्फाची पेटी सुचवली. तोल साधण्यासाठी.

तलाव कुठला, हा प्रश्न सोपा नव्हता. फुटाळ्यात संगीत कारंजी उभी राहिलीत, तिथे वल्ह्याला काय चाल लावायची? गोरेवाडा आणि अंबाझरीला नियम वेगळे. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडला, शहराच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत रात्रीतून पाणी शिरलं आणि माणसांना होड्यांतून काढावं लागलं. तेव्हापासून नागपुरात तरंगणाऱ्या वस्तूला कुणी फार हसत नाही, एवढा माझा फायदा. शेवटी रामटेककडचा एक माजी मालगुजारी तलाव ठरला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. मालगुजार गेले, राजधानी गेली, तलाव राहिले, आणि सरकारी भाषेत ते मामा तलाव झाले. माझ्या मुलाच्या मामाची फळी मामा तलावात, हा योग बायकोलाही आवडला.

असे तलाव ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. बीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं, त्यामुळे गरी टाकण्याआधी विचारायचं असतं. अध्यक्षांनी हो म्हटलं. फक्त बोट दाखवून म्हणाले, "त्या कोपऱ्यात शिंगाडा लावेल हाय, तिकडं जाऊ नका. काट्यानं तुमची गादी फुटन." लाइफ जॅकेट घातलंय ना, हेही त्यांनीच आधी पाहिलं. यात मात्र विनोद नाही. पोहता येवो न येवो, जॅकेट घालायचं आणि फळीची दोरी पायाला बांधायची, कारण पडलेल्या माणसाशिवाय हलकी झालेली फळी वाऱ्यावर फार पटकन लांब जाते.

पाण्यावर एक धीवर भाऊ आधीच होते. ट्रकच्या ट्यूबमध्ये बसलेले, पाय पाण्यात, मांडीवर जाळं. त्यांनी सहा पाईप, क्रेट, बर्फाची पेटी, कप्प्या, दोऱ्या हे सगळं सावकाश पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, दुकान कुठं लावून राह्यले?"

उभं राहण्याचा फायदा मात्र त्यांच्याकडे नव्हता. मरळ अधूनमधून हवा घ्यायला वर येते, पाणवनस्पतींच्या मधल्या मोकळ्या जागेत एक बुडबुडा सोडते आणि खाली जाते. बसलेल्याला ते दिसत नाही, उभ्याला दिसतं. एके ठिकाणी केशरी ठिपक्यांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात हलत होता. ती मरळीची पिल्लं. आईबाप खालीच राखण करत असतात, जवळ काही आलं की धावून जातात, म्हणून अशा वेळी ते सहज गळाला लागतात. तिथे गरी टाकू नये. पिल्लं उघडी पडतात आणि बाकीचे मासे त्यांना संपवतात. मी पुढे गेलो.

पुढच्या बुडबुड्याजवळ रबरी बेडूक टाकला. पाणी फुटलं. मरळीने बेडूक घेतला आणि वनस्पतींकडे धूम ठोकली. दोरा पहिल्या पाईपला गुंडाळला, तिथून तिसऱ्याला, मग कप्पीत शिरला. काकांची कप्पी अतिशय गुळगुळीत चालते हे त्या क्षणी सिद्ध झालं. मी वळलो, वेल्क्रो सुटला, वल्हं पाण्यात गेलं आणि समिट्रीसकट मी क्रेटवर बसलो. फळी मात्र अजिबात कलंडली नाही. 34 इंच रुंदीचे पैसे वसूल.

धीवर भाऊंनी हाताने पाणी मारत येऊन वल्हं परत दिलं. "उभं कायले राह्यता? बसा न," म्हणाले. क्रेटवर बसल्यावर खरोखरच बरं वाटलं. उंची पुरेशी राहते, गुडघे दुखत नाहीत, वल्हं मांडीवर मावतं. मासे धरताना बसायचं आणि शोधताना उभं राहायचं, हे माझं मत त्या दुपारपासून कायम आहे. ज्यांना दिवसभर उभं राहायचं असेल त्यांनी खुशाल राहावं.

घरी आल्यावर चार पाईप काढले. ते आता काकांच्या गच्चीवरच्या टोमॅटोला आधार देतात. बर्फाची पेटी बायकोने स्वयंपाकघरात नेली. क्रेट, दोन पाईप, कप्प्या आणि लोखंडी वजन राहिलं. मरळ सुटल्याचं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोष स्पष्टपणे माझ्याकडे टाकला. कप्प्यांचा आराखडा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाण्यावर तपासायचा होता.

"पुढच्या रविवारी मी येतो," ते म्हणाले.

मी त्यांना छापलेली मर्यादा परत दाखवली. त्यांचं वजन 92, माझं 84. बेरीज 176 होते, क्रेट सोडून.

काकांनी भिंतीवरच्या जुन्या गणिताशेजारी ही बेरीज लिहिली, दोनदा तपासली आणि म्हणाले, "मग तू काठावर थांब."