स्वयंसेवक-संगोपन : मादागास्करच्या पठारावरील यजमान गावांसाठी मार्गदर्शन

स्वयंसेवक-संगोपन म्हणजे गावाचा विकास करण्याच्या हेतूने परदेशातून आलेल्या, बहुधा नुकत्याच पदवीधर झालेल्या आणि कोळशाची शेगडी पेटवता न येणाऱ्या व्यक्तीला दोन वर्षे जगवणे, बोलते करणे, हिंडवून आणणे आणि जमल्यास थोडीफार उपयोगी करून तिच्या आईवडिलांकडे परत पाठवणे. या विषयावरील बहुतेक लेखन स्वयंसेवकालाच उद्देशून झालेले असल्याने, ज्यांच्यावर संगोपनाचा खरा भार पडतो त्या यजमान गावांची मोठी गैरसोय झाली आहे. गाय कशी पाळावी याची पुस्तिका गाईलाच वाचायला द्यावी, तसा हा प्रकार आहे. प्रस्तुत मार्गदर्शन मादागास्कर बेटाच्या मध्यवर्ती पठारावर भातशेती करणाऱ्या गावांपुरते मर्यादित असून किनाऱ्यावरील गावांनी उन्हाचा आणि मलेरियाचा विचार स्वतंत्रपणे करावा.

येथे विचारात घेतलेली जात 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारी संस्थेची होय. अध्यक्षपदाच्या प्रचारात १४ ऑक्टोबर १९६० रोजी जॉन केनेडी यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभे राहून, परदेशात जाऊन काम करायची तयारी आहे का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना रात्री दोनच्या सुमारास केला, आणि अशा अवेळी विचारलेल्या प्रश्नाला तरुण माणसे सहसा नाही म्हणत नसल्यामुळे १ मार्च १९६१ रोजी अध्यक्षीय आदेशाने संस्था स्थापन झाली. पहिली तुकडी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घानात उतरली. मादागास्करला मात्र १९९३ पर्यंत वाट पाहावी लागली. भारतात हे स्वयंसेवक १९७६ पर्यंत येत होते, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर, ज्या १९६६ मध्ये वयाच्या ६८व्या वर्षी विक्रोळीला परिचारिका म्हणून आल्या. हा नमुना अपवादात्मक समजावा, कारण चार मुले वाढवून आलेल्या बाईचे संगोपन करण्याची पाळी विक्रोळीकरांवर बहुधा आली नसावी.

गावाच्या हाती येण्यापूर्वी स्वयंसेवकाला सुमारे तीन महिने मान्तासुआ तलावाच्या परिसरात ठेवून मालागासी भाषेचे बाळकडू पाजलेले असते. तरीही त्याचे पहिले काही आठवडे 'सालामा', म्हणजे नमस्कार, एवढ्याच शब्दावर निघतात. या काळात गावातील मुले त्याला पाहून 'वाझाहा', म्हणजे गोरा परका, असा गजर करीत मागे धावतात. ते थांबवू नये, कारण मुलांचा व्यायाम होतो आणि स्वयंसेवकाला आपण महत्त्वाचे आहोत असे वाटून त्याची भूक टिकते. मोठ्यांनी प्रत्येक शब्दागणिक 'माहाय', म्हणजे छान जमते हो तुम्हाला, असे म्हणत राहावे. येथे अनुभवी गावे एक खूण सांगतात ती ध्यानात घ्यावी: स्वयंसेवक जोवर चुकत असतो तोवर स्तुती चालू राहते, आणि ज्या दिवशी त्याच्या बोलण्यावर कोणी काहीच न म्हणता फक्त उत्तर देते त्या दिवशी त्याला भाषा आली असे धरावे. स्वयंसेवक मात्र त्या दिवशी नाराज असतो.

व्याकरणातील एक स्थळ विशेष अवघड आहे. मालागासीत प्रथम पुरुषी अनेकवचनाचे दोन शब्द आहेत: 'इझाहाय', ज्यात ऐकणारा धरलेला नसतो, आणि 'इसिका', ज्यात तो धरलेला असतो, म्हणजे अनुक्रमे 'आम्ही' आणि 'आपण'. मराठी माणसाला हा भेद आईच्या दुधातून मिळालेला असल्याने त्याला त्यात शिकण्यासारखे काही दिसत नाही, परंतु इंग्रजीत दोहोंना मिळून एकच शब्द असल्यामुळे स्वयंसेवक शेतकऱ्यांच्या सभेत उभा राहून 'आपण अमेरिकन लोक सकाळी थंड दूध पितो' असे सांगतो आणि पन्नास माणसांना एका वाक्यात नागरिकत्व बहाल करतो. अशी चूक झाल्यास ती तिथल्या तिथे दुरुस्त करावी. लाड करू नयेत.

याच काळात गावाने दररोज, शक्यतो दिवसातून चार वेळा, 'तामाना वे?' असे विचारावे. 'तामाना' म्हणजे रुळलेला, जागेला सरावलेला, जीव लागलेला. सासरी आलेल्या सुनेला पहिल्या दिवाळीपर्यंत जो प्रश्न विचारला जातो तोच हा. उत्तर 'हो' असेच येते. ते ऐकून घ्यावे आणि रात्री त्याच्या घरातला दिवा किती वाजता विझतो ते पाहावे.

आहाराचा विषय सोपा आहे. पठारावर जेवण म्हणजे 'वारी', अर्थात भात. बाकी जे काही ताटात असेल त्या सगळ्याला मिळून 'लाउका', म्हणजे तोंडीलावणे, असे म्हणतात, मग ते कोबीचे चार तुकडे असोत की डुकराचे मटण. तिन्ही त्रिकाळ भात पाहून स्वयंसेवक सुरुवातीला पावाची आठवण काढतो. त्याला सकाळी रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर होणारे 'मुफू गासी' द्यावेत, जे तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे, वाट्यावाट्यांच्या तव्यात केलेले गोडसर आप्पेच होत. जेवणानंतर भाताच्या पातेल्यातील करपलेली खरवड तशीच ठेवून तीवर पाणी ओतून उकळवावे. हे तपकिरी, जळक्या वासाचे पेय 'रानूवुला' या नावाने प्रसिद्ध असून ते उकळलेले असल्यामुळे, संस्थेने दिलेल्या गाळणीयंत्राविषयी स्वयंसेवक जे अर्धा तास सांगतो, ते गावाला आधीपासून ठाऊक असल्याचा पुरावा आहे. तो स्वतःहून दुसरा पेला मागू लागला की आहारविषयक प्रशिक्षण पूर्ण झाले. मग त्याला 'तुम्ही जाड झालात' असे प्रेमाने सांगावे. ही प्रशंसा आहे हे समजायला त्याला सहा महिने लागतात.

आता कामाविषयी, कारण तो कामासाठी आलेला असतो आणि ते त्याला विसरू देणे बरे नव्हे. शेतीच्या स्वयंसेवकाजवळ सामान्यतः भाताच्या सघन लागवडीची पद्धत असते, जी इंग्रजी आद्याक्षरांवरून एसआरआय आणि महाराष्ट्रात 'श्री पद्धत' म्हणून ओळखली जाते: महिनाभराचे रोप न लावता आठ ते बारा दिवसांचे कोवळे रोप घ्यायचे, जुडी न लावता एकेक काडी लावायची, दोन रोपांत चहूबाजूंनी २५ सेंटिमीटर अंतर राखायचे, खाचरात पाणी तुंबवून न ठेवता आलटून पालटून द्यायचे आणि तण कोनोवीडरने मातीतच गाडायचे. ही पद्धत १९८० च्या दशकात फ्रेंच जेझुइट पाद्री आंरी द लोलानिए यांनी याच पठारावर, येथल्याच शेतकऱ्यांच्या खाचरांत पाहून आणि करून बसवली, तिथून ती जगभर गेली, आणि आता ती अमेरिकेतून विमानाने, चित्रांच्या तक्त्यांसह, परत येते. गावाने ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकावी. अधूनमधून भुवया उंचावाव्यात.

प्रत्यक्ष लावणीच्या दिवशी अधिक सावध राहावे लागते. झेबूंचा, म्हणजे वशिंड असलेल्या बैलांचा, कळप खाचरात फिरवून चिखलणी झाली की बायका ओळीने वाकतात आणि स्वयंसेवक गुडघ्यापर्यंत विजार दुमडून, अंतर मोजायची गाठी मारलेली दोरी हातात घेऊन त्यांच्या मध्ये उतरतो. तिसऱ्या पावलाला त्याची चप्पल चिखलात राहते. ती शोधताना तो मागच्या चार रोपांवर बसतो. अशा वेळी हसणे आवरू नये, पण काम थांबवू नये. ओळीतली सर्वांत म्हातारी बाई त्याच्या मागे ठेवावी आणि त्याने अंगठ्याने फार खोल खुपसलेले प्रत्येक रोप तिने अलगद उपटून, मूळ आडवे करून, पुन्हा लावीत यावे. बांधावरून पाहताना ओळ सरळ दिसते. स्वयंसेवक तिचे छायाचित्र काढून घरी पाठवतो, आणि ओहायो राज्यातील एका स्वयंपाकघरात ते छायाचित्र फ्रिजवर लागते. त्या ओळीत उत्पन्न किती वाढले हा प्रश्न वेगळा आहे. एकेक कोवळी काडी लावायला आणि वारंवार निंदायला जादा हात लागतात, आणि हे गाव का कचरते त्याचे कारण अज्ञान नसून मजुरी आहे, ही गोष्ट स्वयंसेवकाला दुसऱ्या हंगामात, पाठ धरली की कळते.

सतत गावात ठेवलेला स्वयंसेवक कोमेजतो, म्हणून त्याला हिंडू द्यावे. नियमानुसार दर महिन्याच्या सेवेमागे दोन दिवस रजा साठते, म्हणजे दोन वर्षांत ४८ दिवस. याखेरीज महिन्याकाठी तो निर्वाहभत्ता काढायला बँकेच्या गावी जातो, जिथे त्याच्यासारखेच इतर स्वयंसेवक जमतात, पिझ्झा खातात आणि कोणाच्या पोटात कोणता जंतू निघाला याची तुलना करतात. जाण्यायेण्यासाठी 'तॅक्सी-ब्रूस' असते. हे वडापच होय, फक्त टपावर बदके, सायकली आणि तांदळाची पोती अधिक. ही गाडी वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. 'मुरा मुरा', म्हणजे हळूहळू, हे या बेटाचे ब्रीद स्वयंसेवक घरी भिंतीवर लिहून ठेवतो, पण गाडीतळावर तिसऱ्या तासाला तेच ऐकून त्याचा चेहरा लाल होतो.

मोठ्या सहलींत राजधानी आन्तानानारिवोहून नैर्ऋत्य किनाऱ्याकडे जाणारा सातवा राष्ट्रीय महामार्ग, वाटेतील इसालोचे वालुकाश्मी कडे, आंदासिबेच्या जंगलात पहाटे भोंग्यासारखा ओरडणारा इंद्री लेमूर आणि मोरोंदावाजवळची बाओबाबांची रांग यांचा समावेश होतो. सुमारे ३० मीटर उंचीचे हे वृक्ष आपल्याकडच्या गोरखचिंचेचे जातभाई असून सूर्यास्ताच्या वेळी प्रत्येक स्वयंसेवक त्यांच्यासमोर उडी मारतानाचे छायाचित्र काढतो. उडी का मारतात याचा उलगडा झालेला नाही. गावाच्या दृष्टीने सहलीतील महत्त्वाचा भाग परतीचा आहे. प्रवासाहून येणाऱ्याने 'वुआन्दालाना' आणावा लागतो, ज्याचा शब्दार्थ वाटेवरचे फळ आणि खरा अर्थ खाऊ. पहिल्या सहलीहून स्वयंसेवक रिकाम्या हाती आणि भरपूर आठवणी घेऊन येतो. त्याला काही बोलू नये. फक्त शेजारच्या पोराने त्याच्या पिशवीकडे बराच वेळ पाहत राहावे. पुढच्या खेपेस तो संत्री आणतो, आणि तिसऱ्या खेपेस कोणाच्या घरी किती माणसे आहेत ते मोजून आणतो.

टप्प्यांची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते, कारण स्वयंसेवक स्वतः भलतेच टप्पे मोजतो: शपथविधी, वाढदिवस, वर्षपूर्ती, अमिबा. गावाने मोजायचे टप्पे निराळे आहेत. बाजारात म्हातारी वाटाण्याचा भाव सांगते तो २००५ साली बाद झालेल्या फ्रँकमध्ये असतो, आणि चालू चलन असलेली आरिआरी पाच फ्रँकांची, त्यामुळे ऐकलेल्या भावाला पाचाने भागावे लागते; हे त्याने घासाघीस न थांबवता मनात केले, तर एक. पाहुण्यांसमोर 'कबारी', म्हणजे औपचारिक भाषण, करायची वेळ आली असता त्याने विषयाला हात घालण्यापूर्वी, एवढी थोर मंडळी बसली असताना बोलायला उठल्याबद्दल परंपरेप्रमाणे लांबलचक क्षमा मागितली, तर दोन. तिसरा टप्पा हिवाळ्यातला. पितरांना थडग्यातून बाहेर काढून नव्या वस्त्रात गुंडाळण्याचा आणि खांद्यावर घेऊन वाजतगाजत नाचण्याचा जो विधी 'फामादिहाना' म्हणून ओळखला जातो, त्यात स्वयंसेवक प्रथम कॅमेरा घेऊन कडेला उभा असतो. त्याच्या हातातून कॅमेरा काढून आजोबांची एक बाजू त्याला धरायला द्यावी. वजन किती हलके असते, ते त्याला तेव्हाच समजते.

क्वचित संगोपन अर्ध्यावरच तुटते. २००९ मध्ये राजकीय उलथापालथीमुळे आणि मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे स्वयंसेवकांना तातडीने हलवण्यात आले. दुसऱ्या खेपेस तर जगभरातून सुमारे सात हजार जण एकदम परतले. अशा वेळी मागे राहिलेले हेल्मेट, मच्छरदाणी आणि अर्धे भरलेले शेंगदाण्याच्या लोण्याचे डबे यांचे काय करायचे, हे गावाने आपसांत ठरवावे.

एरवी निरोप रीतसर होतो. पहाटे सहाला सगळे गाव गाडीतळावर येते, रडणे उरकते, सामान टपावर चढते, आणि मग गाडी भरायला दहा वाजतात. हे चार तास कठीण आहेत, कारण निरोप घेऊन झालेला असतो आणि माणूस समोरच बसलेला असतो. जाणकार गावे अशा वेळी तांदळाच्या पोत्यांवर बसून नेहमीचा विषय काढतात: वरच्या अंगाचा पाट फुटला आहे, पाऊस महिन्यावर आला. स्वयंसेवकही, पाय हलवीत, संत्रे सोलीत, बोलून जातो की यंदा पाट 'इसिका', म्हणजे आपण, पावसाच्या आधीच बांधून घ्यायला हवा, गेल्या साली उशीर झाला. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ही चूक आहे, कारण संध्याकाळपर्यंत तो विमानतळावर असणार आणि पाट बांधणाऱ्यांत नसणार. ती दुरुस्त करू नये.