घड्याळ उठवा, माणसं झोपू द्या

लोकांना तासभर लवकर उठवायचं तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्यांना तसं सांगणं. हे आजवर एकाही सरकारला जमलेलं नाही. घरोघरच्या आयांनाही नाही. दुसरा मार्ग म्हणजे सगळे गाढ झोपेत असताना काटे पुढे सरकवायचे आणि सकाळी साळसूदपणे म्हणायचं, ‘अहो, सात वाजले की!’ अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी हेच करते. रात्री दोनचे थेट तीन वाजतात. ही झाली उन्हाळी वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी नेलेला तास परत मिळतो. सरकारनं घेतलेली वस्तू ठरल्या तारखेला, अर्ज न करता, एकही खेटा न घालता परत मिळते. आणि नेमकी हीच योजना बंद करा म्हणून लोक ओरडतात!

योजनेचा हेतू काय, हे तिच्या जनकांकडे पाहून कळतं. न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन पोस्टात नोकरीला होते आणि किडे गोळा करायचा त्यांना नाद होता. सुटल्यावर किडे दिसायला उजेड हवा, म्हणून १८९५ मध्ये त्यांनी घड्याळ दोन तास पुढे करा अशी सूचना मांडली. दुसरे इंग्लंडचे विल्यम विलेट. हे बिल्डर, आणि गोल्फचे शौकीन. अंधार पडला की खेळ अर्धवट राहायचा. १९०७ मध्ये त्यांनी पत्रक काढलं : एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे सारा. बिल्डरची योजना म्हटल्यावर ताबा उशिरा मिळणं ओघानं आलंच. विलेट १९१५ मध्ये वारले आणि योजना १९१६ मध्ये आली, तीही आधी जर्मनीत, महायुद्धात कोळसा वाचवायला. तीन आठवड्यांत इंग्लंडनं शत्रूची नक्कल केली. विलेट यांचं स्मारक लंडनच्या पेट्स वूडमध्ये आहे : एक छायायंत्र, तेही उन्हाळी वेळेला लावलेलं. सूर्यालाच तासभर पुढे चालायला लावणारा दुसरा बिल्डर माझ्या ऐकिवात नाही.

अमेरिकेत आजही कुणी छातीठोक सांगतं की हे सगळं शेतकऱ्यांसाठी आहे. गरिबांच्या नावावर योजना खपवायची रीत तिथंही आहे तर! प्रत्यक्षात शेतकऱ्यांनीच याला कडाडून विरोध केला. गाय घड्याळ पाहून पान्हा सोडत नाही आणि दव वाळल्याखेरीज गवत गोळा करता येत नाही. अखेर १९१९ मध्ये काँग्रेसनं अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार धुडकावून उन्हाळी वेळेचा कायदा मोडीत काढला. पुढे तो परत आला, ते सोडा.

राहिली वीजबचत. इंडियाना राज्यानं २००६ मध्ये राज्यभर घड्याळं हलवायला सुरुवात केली, तेव्हा अभ्यासकांनी घरगुती बिलं तपासली. वापर सुमारे एक टक्का वाढलेला निघाला. दिव्यांवर वाचलं, ते एसीनं खाल्लं.

मग बंद का होत नाही? कारण काटे हलवणं थांबवा, यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण ते कुठे थांबवायचे यावर नाही. झोपेचे डॉक्टर म्हणतात, कायम हिवाळी वेळ ठेवा. दुकानदार म्हणतात, कायम उन्हाळी. उजेड असला की गिऱ्हाईक रेंगाळतं. कायम उन्हाळी वेळेचा प्रयोग अमेरिकेनं जानेवारी १९७४ मध्ये करून पाहिला. मुलं मिट्ट काळोखात शाळेला निघाली, पालक खवळले, आणि ऑक्टोबरमध्ये गाडी पूर्वपदावर आली. ही आठवण ताजी नसावी, कारण मार्च २०२२ मध्ये सिनेटनं तसंच विधेयक एकमतानं, चर्चेविना मंजूर केलं. प्रतिनिधिगृहानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ट्रम्प डिसेंबर २०२४ मध्ये म्हणाले, हा प्रकार बंद करू. पुढच्या मार्चमध्ये म्हणाले, लोक निम्मे-निम्मे आहेत. एप्रिलमध्ये म्हणाले, संध्याकाळचा उजेड वाढवा. युरोपनं २०१८ मध्ये जनतेला विचारलं. ४६ लाख उत्तरं आली आणि त्यातली ८४ टक्के ‘बंद करा’ म्हणाली. पुढच्या वर्षी युरोपीय संसदेनं ठराव केला : २०२१ पासून बंद. काटे अजून फिरताहेत.

लेबनॉनची कथा तर न्यारीच. मार्च २०२३ मध्ये सभापतींनी पंतप्रधानांना सुचवलं की रमजान संपेपर्यंत घड्याळ पुढे नको. इफ्तार सातऐवजी सहालाच राहू दे. उपवास सूर्यास्ताला सुटतो, घड्याळाच्या ठोक्याला नाही, हे दोघांना माहीत नसेल असं नाही. पण निर्णय झाला, ऐनवेळी. मॅरोनाइट चर्चनं तो झुगारला, काही वाहिन्यांनीही. एका चिमुकल्या देशात दोन वेळा नांदू लागल्या. आता भेट ‘पाचला’ ठरवायची तर आधी विचारायचं, कुणाच्या पाचला? काही दिवसांतच सरकारनं माघार घेतली.

आपण म्हणू, आपल्याला काय त्याचं? हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना विचारा. न्यूयॉर्कच्या साहेबाचा सकाळी साडेआठचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सहाला असतो, हिवाळ्यात सातला. त्यात लंडनचं घड्याळ हलतं मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे तिन्ही शहरांचं गणित वेगळंच. घड्याळ त्यांचं पुढे-मागे होतं, जेवण आमचं.

तेव्हा योजना ठेवायचीच असेल तर माझी एक दुरुस्ती आहे. तास कापायचाच तर रविवारी झोपेतून कशाला? सोमवारी सकाळी अकरा वाजता कापा. अकराचे थेट बारा, आणि सगळे जेवायला. नोव्हेंबरमध्ये परत द्याल तो रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर द्या. विरोधात एक हात वर होणार नाही. सिनेटला तर वाचायचीही गरज नाही. आणि त्या सोमवारी न्यूयॉर्कची अकरा ते बाराची मीटिंग, जी हिंजवडीत रात्री साडेनऊला सुरू होते, ती होणारच नाही. कायद्यानं तेव्हा अकरा वाजलेलेच नसतील.